गुळाचं भ्या

आकाराम गुळव्याच्या गुऱ्हाळावरनं कोरड्या तोंडानं परत गेलेला एक तरी माणूस दाखवा. नाही सापडायचा. दसरा झाला की कसबा बावड्याच्या मळ्यात त्याचं रस उकळायचं चुलवाण पेटायचं, आणि मग रस्त्यानं जाणारा ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, आकाराम लांबूनच हाळी द्यायचा, "ओ पावणं, या की! रस घ्या, काकवी घ्या, गरम गूळ चाटा, मग जावा कुठं जायाचं ते!" पावणं म्हणालं पोट भरलंय, तर ह्याला रागच यायचा. पोट भरलंय म्हणजे काय? घे म्हणतोय तर घे की, मर्दा! तालमीतली पोरं यायची, शाळेची सहल यायची, मोटारसायकलवरनं ऊन खात चाललेली नवी जोडपी यायची. सगळ्यांच्या हातावर काही ना काही पडायचंच.

गुळव्या म्हणजे गुऱ्हाळाचा मुख्य कारागीर. भल्यामोठ्या काहिलीत उसाचा रस रटारटा उकळत असतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे एकट्या गुळव्यानं ठरवायचं. लवकर उतरवला तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. आकाराम हात गार पाण्यात बुडवायचा आणि तसाच उकळत्या पाकात घालून चिमटीनं गोळी करून बघायचा. नव्या माणसाच्या तोंडून "अगं आई गं!" निघायचं, आणि आकाराम हसायचा. पंचगंगेचं पाणी दारात आलं तेव्हाही हा छातीभर पाण्यातनं म्हशी घेऊन बाहेर पडला होता. असा हा गडी. आगीला भ्याला नाही, पुराला भ्याला नाही. तो भ्याला कशाला, तर जेवणाच्या ताटाला. पोटच्या पोरीच्या ताटाला.

पोरीचं नाव तेजस्वी. एकुलती एक. लहानपणी तिच्या मुठीत कायम गुळाचा खडा आणि हनुवटीवर काकवीचा ओघळ. आकाराम रोज संध्याकाळी शेवटच्या काहिलीतला गूळ कागदाच्या तुकड्यात बांधून खिशातनं आणायचा. त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे तपकिरी झालेले. बायको तानाबाई धुताना करवादायची, "अवो, पोरगी कालेजात गेली, आता तरी खिशातनं गूळ आणायचा सोडा की!" पण सोडतो कशाचा. आणि पोरगीसुद्धा दारातच बापाचा खिसा चाचपायची.

बारावी झाल्यावर तेजूनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटे उठून मैदानावर पळायला. "आप्पा, जातो मी," म्हणून निघायची. आपल्याकडच्या पोरी 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात; ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. आकारामला पोरीचा केवढा अभिमान! गुऱ्हाळावर आलेल्या प्रत्येकाला सांगायचा, "आमची तेजू फौजदार हुणार. मग बघतो मला कोण हेल्मेटचा दंड करतंय ते!"

मैदानावर शिकवणारे एक सर होते. ते एकदा म्हणाले, "अजून दोन किलो उतरलीस तर वेळ चांगली निघंल बघ." सर काही वाईट माणूस नव्हता. असं ते दहा जणींना म्हणाले असतील, आणि बाकीच्या नऊजणी चहा पिईपर्यंत विसरूनही गेल्या असतील. तेजूच्या डोक्यात मात्र ते वाक्य जाऊन बसलं. तशी ती पहिल्यापासून पहिल्या नंबराची पोरगी. वहीत खाडाखोड झाली तर पान फाडून पुन्हा लिहिणारी. दोन किलो उतरले, वेळ सुधारली. मग आणखी दोन. गल्लीतल्या बायका म्हणायला लागल्या, "अगं बया, काय बारीक झालीस! काय करतीस ते आमाला पण सांग की!" बघा, माणसाची तोंडं कशी असतात. पोरगी वाळत चालली होती, आणि गल्ली तिची आरती ओवाळत होती.

मग सुरू झाले उपवास. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शुक्रवार. त्यात चतुर्थी आली, एकादशी आली, आणि श्रावणाचं तर काय विचारूच नका. आपल्याकडं उपवास म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचा भात, शेंगदाण्याची आमटी, वर केळी. रोजच्यापेक्षा दुप्पट खाऊन ढेकर देत देवाचं नाव घ्यायचं. तेजूचा उपवास तसला नव्हता. तिला साबुदाणा चालायचा नाही, शेंगदाणा चालायचा नाही. बिनदुधाचा चहा आणि पाणी. तानाबाईला आधी काळजी वाटली, पण शेजारणी म्हणाल्या, "पोरगी देवाची हाय तुझी. आजकालच्या पोरी बघ कशा हायत, आणि ही बघ." आकारामची थोरली बहीण बनाबाई कुरुंदवाडहून आली, तिनं तर भाचीच्या डोक्यावरनं हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. देवाच्या नावानं उपाशी राहणाऱ्या पोरीला कोण अडवणार? ती चूक आपल्याकडंच होते. दुसरीकडं कुठं पोरगी जेवली नाही तर आई रडेल. आपल्याकडं तिला नमस्कार घालतात.

नवरात्रात तिनं नऊ दिवस धरले. अंबाबाईच्या देवळात रांगेत उभी राहिली तेव्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात तिच्या अंगात स्वेटर होता. आकारामनं गर्दीत हात धरला, तर हात गार. त्याच्या काळजात पहिल्यांदा धस्स झालं ते तिथं. चारी बाजूंनी माणसं घामानं निथळत होती, आणि त्याच्या पोरीची बोटं निळसर पडली होती. तिच्या दंडावर बारीक मऊ लव आली होती, तान्ह्या पोराच्या अंगावर असते तशी. त्यानं देवीकडं काय मागितलं ते त्याला नंतर आठवेना. दर्शन झालं आणि घरी येईपर्यंत तो हात त्यानं सोडला नाही.

दसऱ्यानंतर चुलवाण पेटलं. पहिल्या काहिलीचा गूळ खिशात घालून आकाराम घरी आला. तेजू दारात आली, हसली, पुडी घेतली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "खाल्लास का गं?"

"खाल्ला की आप्पा. एक नंबर झालाय."

त्याच्या जिवात जीव आला. रोज आणायचा, रोज विचारायचा, रोज ती म्हणायची खाल्ला. घरात तीच सगळ्यांना वाढायची. बापाच्या ताटात भाकरीवर भाकरी, आईला बळंबळं भात. स्वतःच्या भाकरीचे मात्र नखाएवढे तुकडे करून ताटभर पसरायची आणि बोलत बसायची. जेवण संपायचं, आणि तिनं नेमकं काय खाल्लं हे कुणालाच सांगता यायचं नाही.

गुळव्याच्या घरी मुंग्या ह्या असायच्याच. पण एका सकाळी आकाराम दात घासत असताना त्याचं लक्ष गेलं. मुंग्यांची रांग गुळाच्या डब्याकडं जात नव्हती. डबा टाळून ती सरळ आतल्या खोलीत गेली होती, तेजूच्या लोखंडी पेटीमागं. पोरगी मैदानावर गेलेली. त्यानं पेटी सरकवली. मागं सगळ्या पुड्या होत्या. त्यानं बांधलेल्या, त्याच्याच हाताच्या घडीच्या, एकसुद्धा उघडलेली नाही. त्यावर मुंग्या नुसत्या वळवळत होत्या. तोंडातला फेस तसाच गिळला त्यानं.

पोरगी आली तेव्हा तो ओरडला नाही. त्यानं नुसत्या पुड्या पुढं ठेवल्या. तेजू भिंतीला टेकून खाली सरकली आणि म्हणाली, "आप्पा, मला भ्या वाटतंय."

"कशाचं?"

"गुळाचं. भाकरीचं. समद्याचं. एक घास पोटात गेला की वाटतंय आता सगळं संपलं, आता मी फुगत जाणार. भूक लागती ओ मला. लई लागती. रात्रभर जेवणाचीच सपनं पडत्यात. पण घास उचलला की हात कापायला लागतो."

गुळाचं भ्या! आकाराम तोंडाकडं बघतच राहिला. सापाचं भ्या त्याला कळलं असतं, भुताचं कळलं असतं. ज्या गुळावर पोरगी लहानाची मोठी झाली, त्याचं भ्या? त्याला एवढंच कळलं की पोरगी खोटं बोलत नाही. तिचे डोळे विहिरीत पडलेल्या जनावरासारखे झाले होते.

फोन केला तशी बनाबाई दुपारच्या एसटीनं हजर. येताना अंगारा घेऊनच आली. "आकाराम, ही करणी हाय. पोरीवर कुणाचा तरी डोळा हाय. वडगावला एक जण बघतोय, उद्याच जाऊ." तानाबाई चुलीपुढं बसली होती. ती एकदम रडायला लागली. पदरात तोंड घालून म्हणाली, "अवो, हिची पाळी बंद हाय. उन्हाळ्यापासनं. मला म्हाईत हुतं. पळण्यानं होतंय म्हणाली, म्हणून मी गप बसलो."

"उन्हाळ्यापासनं? आणि मला आत्ता सांगतीस?"

"कसं सांगू? बापाला असलं कोण सांगतंय?"

भांडण झालं. मोठं झालं. शेवटी ठरलं की वडगाव नाही, मोठ्या दवाखान्यात जायचं, पण गुऱ्हाळावर तोडलेला ऊस पडला होता, तो उरकून परवा. परवा! माणसाला वाटतं परवा आपल्या खिशातच असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजू गुऱ्हाळावर डबा घेऊन आली. नको म्हटलं तरी आलीच. सगळ्या गड्यांना तिनं हातानं वाढलं, चटणीसुद्धा कुणाला कमी पडू दिली नाही. मग पाणी आणायला काहिलीच्या कडेनं निघाली. आकाराम पाक बघायला वाकला होता. त्यानं मान वर केली तेव्हा पोरगी झोकांडी खात होती. काहील रटरटत होती आणि तेजू तिच्यावरच कलत होती.

त्यानं हातातला झारा फेकला आणि झेप घेतली. कमरेत धरून मागं ओढली, दोघं चिपाडाच्या ढिगात पडले. तिचे डोळे वर गेलेले. आकारामनं तिला उचललं. वजनच नव्हतं! वीस वर्षांची पोरगी, आणि हातावर काही आहे असं वाटेना. मागं काहिलीतला पाक करपायला लागला, धूर झाला, गडी ओरडायला लागले. उभ्या जन्मात पहिल्यांदा आकाराम गुळव्यानं काहिलीकडं वळूनही बघितलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर मुबशिरा मुजावर होत्या. तरुण बाई, बोलणं इथलंच. त्यांनी पोरीचं मनगट धरलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं. मग नवरा-बायकोला बाहेर बाकावर बसवलं.

"मामा, पोरीच्या हृदयाचे ठोके निम्म्यावर आलेत. रक्तातले क्षार पार खाली गेलेत. झोपेतसुद्धा हृदय थांबलं असतं. किती दिवस झाले हिला नीट जेवून?"

"उपास करती ओ ती, बाई. देवाचं लई हाय तिला."

"हे उपास नव्हेत. हा आजार आहे. देवाच्या नावाखाली तो लपून बसला होता, एवढंच. खायचंच भय वाटतं ह्यात. हाडं दिसायला लागली तरी आरशात तिला ती जाडच दिसते. आणि पोटाला मिळालं नाही की शरीर स्वतःलाच खातं. आधी चरबी, मग मांस. हृदय पण मांसच असतं, मामा."

तानाबाईनं डोळ्याला पदर लावला. "आमचं काय चुकलं ओ? का त्या सरांच्या बोलण्यानं झालं?"

"एका कशानं होत नाही हे. तिचा स्वभाव, ते पळणं, वजनाचा ध्यास, लोकांचं बोलणं, कधी घराण्यात पण असतं. कुणा एकाच्या माथी मारू नका, आणि स्वतःच्या तर नकोच. हिला मनाच्या डॉक्टरांची पण गरज लागणार. पण आधी जीव वाचवूया." मग बाईंनी बोट वर केलं. "आता नीट ऐका. खाणं मी सांगेन तेवढंच द्यायचं. चमच्याचमच्यानं. बाहेरचं काही नाही. इतके दिवस उपाशी राहिलेल्या अंगाला एकदम खायला मिळालं, त्यातनं गोड, तर जीवावर बेततं."

आकारामनं मान हलवली. पण पटलं असेल तर शपथ! उपाशी मरायला टेकलेली पोरगी, आणि डॉक्टरीण म्हणते जेवायला घालू नका? कोल्हापुरात बसून? दोन दिवस तो बघत होता. वाटीच्या तळाला असेल नसेल एवढी पेज, आणि नळीतनं थेंब थेंब पाणी. त्याच्या म्हशीचं रेडकूसुद्धा ह्याच्यापेक्षा जास्त चाटत होतं. त्याला वाटायला लागलं, पोरगी आता आजारानं नाही मरायची, ह्यांच्या चमच्यानं मरेल. आणि ती भीती एकदा डोक्यात शिरली की दुसरं काही शिरत नाही.

सकाळी तानाबाई अंघोळीला घरी गेली. आकारामनं पिशवीतनं तांब्या काढला. म्हशीचं निरसं दूध, त्यात वाटीभर काकवी ढवळलेली. तेजूनं बघितलं आणि तोंड फिरवलं. तो तांब्या हातात धरून नुसता उभा राहिला, आणि त्याच्या गालावरनं पाणी गळायला लागलं. बापाला रडताना पोरीनं कधी बघितलेलं नव्हतं.

"आप्पा, रडू नका. आणा हिकडं."

डोळे घट्ट मिटून ती प्याली. घोट, घोट, घोट, तळापर्यंत. वर्षभरात पहिल्यांदा! आकारामला आभाळ ठेंगणं झालं. तो पळतच बाहेर गेला, झाडूवाल्या मावशीला सांगितलं, चहाच्या टपरीवाल्याला सांगितलं, बनाबाईला फोन लावून ओरडला, "आक्का, प्याली गं पोरगी! सगळं प्याली!" दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी मोठा तांब्या आणला. तोही तिनं बापाच्या तोंडाकडं बघत रिकामा केला.

त्याच दुपारी तेजूच्या पायांवर सूज आली. मग दम लागला. मग ती आईला म्हणाली, "तू कोण गं? माझी आई कुठं हाय?" तानाबाई किंचाळली. डोक्यापाशी असलेलं मशीन टीव टीव करायला लागलं, सिस्टर पळत आल्या, पाठोपाठ मुबशिराबाई आल्या. त्यांनी एक नजर पोरीवर टाकली आणि गर्रकन मागं वळल्या.

"हिला काय दिलंय? बाहेरचं काय दिलंय?"

तानाबाई म्हणाली, "कायबी न्हाई ओ बाई." तिला खरंच ठाऊक नव्हतं. आकारामनं नजर चुकवली. कॉटखाली पिशवीत तांब्या होता. बोललो तर बायको काय म्हणेल, जग काय म्हणेल, स्वतःच्या पोरीला स्वतःच्या हातानं पाजून बापानंच… मशीन टीव टीव करतच होतं.

"मामा! मला कळलं नाही तर मी काय करू?"

आकारामनं वाकून तांब्या काढला. "काकवी," तो म्हणाला. "दुधातनं. काल आणि आज. तांब्याभर."

बाईंनी सिस्टरना भराभर इंजेक्शनांची नावं सांगितली आणि पडदा ओढला. आकाराम पडद्याबाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तानाबाई त्याच्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यापुढं उकळती काहील गार म्हणावी. पडद्याखालनं नुसते पाय दिसायचे, इकडनं तिकडं जाणारे. पाय थांबले की ह्याचा श्वास थांबायचा. देवाचं नाव घ्यावं तर तेही घेववेना. त्याच नावाखाली पोरगी झिजली होती. तो नुसता म्हणत राहिला, "माझं काय बी हू दे. पोरगी ऱ्हाऊ दे."

दिवस मावळायला आला तेव्हा बाई बाहेर आल्या. घामेजलेल्या. "वाचली. अजून भरवसा नाही, पण आत्ता वाचली." मग त्यांचा राग उसळला. "मी सांगितलं होतं की नव्हतं? गोड एकदम अंगात गेलं की रक्तातले उरलेसुरले क्षार शरीर ओढून घेतं. हृदयाला चालायला काही राहत नाही. उपासमारीतनं वाचलेली माणसं पहिल्या पोटभर जेवणानं जातात, मामा! तुम्ही सांगितलं नसतंत तर मी दुसरंच काहीतरी शोधत बसलो असतो."

आकारामनं हात जोडले. बाई शेजारच्या बाकावर टेकल्या. "तुम्ही गुळव्या ना? काहिलीखाली एकदम जाळ घातला तर काय होतं?"

"उतू जातंय. न्हाईतर करपतंय."

"मग?"

आकारामनं मान खाली घातली. हे कळायला त्याला दवाखान्यात यावं लागलं, ह्याचीच त्याला शरम वाटली.

त्यानंतर चमचा आकारामनं धरला. बाईंनी सांगितला तेवढाच. एक दिवस तेजूनंच विचारलं, "आप्पा, अजून एक घेऊ?" आणि ज्या माणसानं उभ्या जन्मात पावण्याला पुरे म्हटलं नव्हतं, त्यानं वाटी झाकली आणि म्हटलं, "पुरे बाळा. आता संध्याकाळी." चमच्याचे दोन झाले, दोनाची वाटी झाली. बऱ्याच दिवसांनी पोरगी घरी आली. पळणं बंद. दर आठवड्याला मनाच्या डॉक्टरांकडं जाणं चालू. घरात नियम झाले. सगळ्यांनी एकत्र जेवायचं, तिच्या घासाकडं टक लावून बघायचं नाही, वजनाचा विषय काढायचा नाही. गल्लीतली एक बाई दारात येऊन म्हणाली, "आता जरा अंग धरलंयस हां!" तानाबाईनं तिला असं काही सुनावलं की ती पुन्हा फिरकली नाही. बनाबाई आली ती अंगारा न आणता आली. भाचीच्या शेजारी बसून गप जेवली, ह्यातच सगळं आलं.

पण भ्या काही गेलं नाही. मोरीचं दार लागलं की पोरगी आत ओकून टाकते की काय म्हणून आकारामचे कान टवकारायचे. पोरगी जास्त वेळ झोपली की तो उंबऱ्यात उभा राहून तिचं पांघरूण वर-खाली होतंय का बघायचा. काही दिवस चांगले जायचे, आणि मग एखाद्या जेवणाला ती ताट ढकलून ढसाढसा रडायची. बाई म्हणाल्या होत्या, वेळ लागणार, वर्षं लागतील, मागं-पुढं होणार. गुळाची पुडी आणायची की नाही हेही त्यानं त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आता आणा. बोराएवढी. आणि खाल्लास का म्हणून विचारू नका."

म्हणून तो विचारायचा नाही. पण रोज सकाळी दात घासता घासता त्याची नजर जमिनीवर फिरायची. मुंग्या कुठं चालल्यात? डब्याकडं गेल्या असल्या की जीव भांड्यात पडायचा.

गुऱ्हाळाचा हंगाम संपत आला होता. एका सकाळी त्याला रांग दिसली. डबा टाळून, आतल्या खोलीकडं. भिंत धरत धरत तो दारापर्यंत आला. तेजू जागीच होती. पलंगावर बसलेली, डोळे सुजलेले. पुडी पेटीमागं नव्हती. तिच्यासमोर स्टुलावर उघडी ठेवलेली होती, आणि तिच्यावर मुंग्या चढल्या होत्या.

"लपवला न्हाई मी, आप्पा," ती म्हणाली. "काल जमलं न्हाई. लई भ्या वाटलं. रात्री हातात घेतला आणि परत ठेवला. खाल्ला म्हणून खोटं सांगणार हुतो, पण सांगवंना."

आकाराम तिच्याशेजारी बसला. जे होतं तेच तो बोलला. "मला पण लई भ्या वाटतंय गं. रोज वाटतंय."

"म्हाईत हाय. रोज सकाळी तुम्ही मुंग्या बघताय ते दिसतंय मला."

तेजूनं कागद उचलला, खिडकीबाहेर मुंग्या झटकल्या आणि गुळाचा खडा त्याच्या तळहातावर ठेवला. तिची बोटं अजून गारच होती, पण निळी नव्हती.

"आज संध्याकाळी परत आणा, आप्पा," ती म्हणाली. "जरा ल्हान आणा."

बाहेर तानाबाई चहाला हाका मारत होती. आकारामनं तो खडा शर्टाच्या खिशात टाकला आणि गुऱ्हाळावर निघाला.